आजी घटी बसली होती

खोटं बोलायला लागला की आमच्या मल्हारीची भाषा एकदम पुस्तकी होते. लहानपणी मेंढरं सोडून गोट्या खेळायला जायचा आणि आप्पांनी, म्हणजे आमच्या वडलांनी, विचारलं की छाती काढून म्हणायचा, "मी चाऱ्याच्या शोधात गेलो होतो." असं मास्तरासारखं बोलला की आप्पा लगेच काठी शोधायला लागायचे. पुढं तो मोठा झाला, वाळूजच्या कंपनीत परमनंट झाला, निळा शर्ट घालून बसची वाट बघायला लागला, पण खोड गेली नाही. आणि एकदा एका डॉक्टरीणबाईंसमोर तो असाच पुस्तकी बोलला. त्या एका वाक्यापायी आमच्या मायनं चौदा-पंधरा महिने स्वतःच्या नातवाला बोट लावलं नाही.

मी वच्छला, मल्हारीची थोरली बहीण. माझं लग्न करून दिलं तेही वस्तीतच, दोन घरं पलीकडं, त्यामुळं माहेरच्या प्रत्येक भांडणात मला हजर राहता आलं. आमची वस्ती पडेगावच्या पुढं, दौलताबादच्या रस्त्याला. तेव्हा आप्पांची चाळीसेक मेंढरं होती आणि ती चारायला माळ दर वर्षी थोडा कमी होत होता, कारण प्लॉट पडत होते. मल्हारी म्हणायचा मेंढरं विका. माय म्हणायची, तुझी कंपनी वीक. माय म्हणजे बानाबाई. तिच्याशी वाद घालून जिंकलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

ब्याण्णव साली नवरात्रात माय घटी बसली होती. घटी बसणं म्हणजे नऊ दिवस बिरोबाच्या देवळात मुक्काम. दुधावर राहायचं, दिवा सांभाळायचा, घरी फिरकायचं नाही. त्यात कुणाच्या घरी बाळंतपण झालं असेल तर त्या घरच्या माणसाची सावलीही घ्यायची नाही. आणि नेमक्या दुसऱ्या माळेला आमच्या राजाबाईच्या, म्हणजे मल्हारीच्या बायकोच्या, पोटात कळा सुरू झाल्या. तिचं माहेर सिल्लोडकडचं. पहिलं बाळंतपण खरं तर तिकडंच व्हायचं, पण पोटातलं पोर अंगानं मोठं आहे म्हणून मल्हारीनं तिला जाऊ दिलं नाही. शहरातल्या एका नर्सिंग होममध्ये नाव घातलं. त्या नर्सिंग होमचं नाव मी सांगणार नाही. डॉक्टरीणबाई आता म्हाताऱ्या झाल्या आणि माझा राग तरणा आहे, बरोबरीचं भांडण होणार नाही.

राजाबाईसोबत मी गेले होते. डॉक्टरीणबाईंना तीनदा फोन केला, त्या "निघाल्या" होत्या. आत नर्स आणि आया. दाराबाहेर मला नर्सचा आवाज ऐकू आला की खांदा अडकलाय, धर आणि ओढ. मग बराच वेळ नुसती पळापळ, आणि मग एकदम बाळाचं रडणं. मी दाराला टेकून रडले आणि हसले. डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा बाळ पुसून झालं होतं. सव्वाचार किलोचा मुलगा. त्यांनी कागदावर लिहिलं, बाळ ठणठणीत.

बाळ ठणठणीतच होतं, फक्त त्याचा डावा हात त्याच्या बाजूनं नव्हता. उजवी मूठ नाचवायचा, पाय झाडायचा, आणि डावा हात आपला अंगाशी आत वळून पडलेला. उचलून सोडला की पडायचा. मी नर्सला दाखवलं. ती म्हणाली, हात झोपलाय, उठेल. तिसऱ्या दिवशी घरी पाठवलं तेव्हाही तो झोपलेलाच होता.

मी देवळापर्यंत गेले आणि पायऱ्यांच्या बऱ्याच खाली उभी राहून मायला ओरडून सांगितलं. तिला नातू झाल्याचा आनंद दाखवायलाही वेळ मिळाला नाही. तिनं एवढंच विचारलं की खांदा अडकला होता का. मी हो म्हणाले.

"कोकरू अडकल्यावर येका अंगानं वढलं की असंच व्हतंय," ती आतून म्हणाली. "मानंतली शीर ताणती. चोळू नका, वढू नका. आधी घाटीत न्या त्येला."

घाटी म्हणजे आमचं सरकारी इस्पितळ. बाळ सहा दिवसांचं असताना मी आणि राजाबाई त्याला घेऊन तिथं गेलो. तिथल्या तरुण डॉक्टरनं बराच वेळ हात तपासला आणि जे सांगितलं ते ऐकून मला हसू आलं, कारण मायनं सांगितलं होतं तेच होतं, फक्त मोठ्या शब्दांत. मानेतून हाताला जाणाऱ्या नसा जन्मताना ताणल्या जातात. काही दिवस हाताला आराम द्या, मग रोज व्यायाम, न चुकता, सरळ वर्ष-दोन वर्षं. बहुतेक मुलांचा हात पुष्कळ सुधारतो, म्हणाला. त्यानं चिठ्ठीवर तारीख घालून सगळं लिहून दिलं.

दसऱ्याला माय घरी आली. आंघोळ केली, भंडारा लावला आणि बाळाला असं उचललं की दुपारपर्यंत कुणाला दिलं नाही. बाराव्या दिवशी बारसं झालं. मी आत्या, नाव मीच ठेवायचं होतं. माझ्या मनात एक लई फॅशनचं नाव होतं, पण मायचा चेहरा बघून मी बाळाच्या कानात बिरू म्हणाले. नाव ठेवल्यावर आत्याच्या पाठीत बुक्के घालायची पद्धत सगळीकडं आहे. आमच्याकडं पहिले दोन बुक्के बाळाच्या मुठींनी घालतात, बाकीच्या बाया नंतर सूड उगवतात. राजाबाईनं बाळाची उजवी मूठ माझ्या पाठीला लावली. डावी तिनं उचलली आणि मग हळूच खाली ठेवली. मी वाकलेलीच म्हणाले, राहू दे, एक बुक्का उधार. सगळ्या हसल्या. राजाबाई नाही हसली.

असे दहा-बारा दिवस गेले. बिरूला मायचा हात इतका मानवला की तिच्याशिवाय तो झोपेना. मग मल्हारी घाटीची चिठ्ठी घेऊन नर्सिंग होमला जाब विचारायला गेला. एकटाच गेला, हे चुकलं. मी सोबत असते तर त्याची भाषा पुस्तकी व्हायला लागल्याबरोबर त्याला चिमटा काढला असता.

डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी वाचली, त्याला खुर्ची दिली, चहा दिला. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, घरी मालिश कोण करतं? मल्हारी म्हणाला, माझी आई. पहिल्यापासून? आता इथं खरं सांगायचं तर म्हणावं लागणार होतं की आई देवळात घटी बसली होती आणि तिनं दसऱ्यापर्यंत बाळ पाहिलंही नव्हतं. तो गप्प राहिलेला बघून बाई म्हणाल्या, का, तुमच्यात अजून विटाळ पाळतात की काय? आणि आमचा परमनंट कामगार ताठ बसला आणि म्हणाला, "छे, छे. घरी आल्यापासून रोज दोन वेळा आईच मालिश करते. तिच्या हाताखालून कोकरूसुद्धा पैलवान होऊन निघतं." बाईंनी ते लिहून घेतलं, थोडं आपल्या सोयीनं. खाली मल्हारीनं न वाचताच इंग्रजीत सही केली. त्याला इंग्रजी सही करायला फार आवडतं.

त्याची प्रत तो घरी घेऊन आला आणि मी ती ओसरीवर बसून सगळ्यांदेखत मोठ्यानं वाचली. माझीही अक्कल तेवढीच. कागदावर होतं की बाळाला घरी नेल्या दिवसापासून आजी बानाबाई हिनं जोरजोरात मालिश केलं आणि त्यामुळं डाव्या हाताला इजा झाली.

माय बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. तिनं मला परत वाचायला लावलं. मग तिनं बिरूला उचलून राजाबाईच्या मांडीवर ठेवलं आणि दोन्ही हात लुगड्याला पुसले.

"कागदावर माज्या हाताचं नाव लागलंय," ती म्हणाली. "ते निघंस्तवर ह्या हातानं पोराला शिवायची नाय."

आप्पांनी समजावलं, वस्तीतल्या म्हाताऱ्यांनी समजावलं, मल्हारीनं तिच्या पायावर डोकं ठेवलं. सगळ्यांना माहीत होतं की ती देवळात होती, तर मग कागदाला कोण विचारतं, असं आम्ही म्हणायचो. ती म्हणायची, उद्या हे पोरगं शाळेत शिकंल, कागद वाचंल, तवा मी आसंन का सांगायला?

आणि इकडं बिरूच्या व्यायामाचे दिवस सुरू झाले. घाटीतल्या बाईनं राजाबाईला शिकवलं होतं की कोपर कसं धरायचं, खांदा कसा फिरवायचा, किती वेळा. पण दुखेल म्हणून राजाबाई धरायचीच नाही, आणि मग रडत बसायची. ज्या हातांना हे सगळं येत होतं ते हात लुगड्याखाली दडवून माय समोर भिंतीला टेकून बसायची. चार दिवस तिनं हे बघितलं. पाचव्या दिवशी ती उठली, मेंढरांच्या वाड्यातून एक कोकरू काखेत मारून आणलं, राजाबाईच्या समोर बसली आणि कोकराला मांडीवर उताणं घातलं.

"माज्या हाताकडं बघ," ती सुनेला म्हणाली. "म्या ह्येचा पाय धरते, तू त्येचा हात धर."

त्या दिवसापासून आमच्या ओसरीवर रोज तीन वेळा हा खेळ चालायचा. इकडं राजाबाई आणि बिरू, तिकडं माय आणि कोकरू. मायनं कोकराचं कोपर उचललं की राजाबाईनं बिरूचं उचलायचं. कोकरू सुरुवातीला बोंबलायचं, मग त्याला त्याची इतकी सवय लागली की वेळ झाली की स्वतःच येऊन आडवं पडायचं. मोठं झालं की माय दुसरं आणायची. घाटीतल्या व्यायामाच्या बाई एकदा मुद्दाम बघायला आल्या. त्यांनी राजाबाईचे हात बघितले, मग मायचे बघितले, आणि म्हणाल्या, मला कुणी हे आधी का नाही सांगितलं. चौथ्या महिन्यात बिरूची डावी बोटं माझ्या बोटाभोवती वळली. मी किंचाळले. माय जागेवरून उठली, दोन पावलं आली, आणि परत जाऊन कोकरापाशी बसली. तिच्या डोळ्यांतलं पाणी मला दिसलं. त्या दिवशी मी ठरवलं की आता तो कागद खोटा पाडायचाच.

मी चिकलठाण्याला एका कारखान्यात पॅकिंगला होते. तिथल्या बाया मला म्हणाल्या की छावणीतल्या वाचनालयात दर रविवारी सुलोचना पगारे नावाच्या वकील बसतात, फुकट सल्ला देतात, आणि भांडायला लई चांगल्या आहेत. पगारेबाई विद्यापीठाच्या नामांतराच्या चळवळीत कॉलेजपासून होत्या, मोर्च्यात लाठ्या खाल्लेल्या. आमच्या वस्तीतल्या दोघाचौघांनी नाक मुरडलं, की त्या तिकडच्या, आपल्याला कशाला. मायनं त्यांना एकच विचारलं, "तिला भांडता येतंय का, एवढं सांगा."

पगारेबाई स्वतः वस्तीवर आल्या. बारीक अंगाच्या, जाड चष्मा, आणि हातात पेन असं धरायच्या की ते कुणाच्याही हाती लागू नये. त्यांनी समजावलं की ग्राहक मंचात दावा लावता येतो, नर्सिंग होमनं पैसे घेतले म्हणजे सेवा नीट द्यायला ते बांधील आहेत. घाटीची चिठ्ठी होती, बाळाच्या वजनाचा कागद होता, डॉक्टरीणबाई उशिरा आल्याचं मी सांगणार होते. पण मल्हारीच्या सहीच्या कागदापाशी येऊन त्या थांबल्या. पुढं दावा लावल्यावर नर्सिंग होमचं उत्तर घेऊन त्या परत वस्तीवर आल्या, त्यातही तोच कागद जोडला होता. बाळ घरी गेलं आणि सहाव्या दिवशी घाटीत दाखवलं, त्या मधल्या दिवसांत आजीनं हात बिघडवला, असं त्यांचं म्हणणं.

ती तर देवळात होती, आम्ही सगळे एका सुरात म्हणालो. पगारेबाई म्हणाल्या, तुम्ही सगळे तिचे नातेवाईक, आणि मुलानं सही केलीय. मला परका माणूस पाहिजे, नाहीतर परक्याचा कागद.

माय कोकराच्या कानातली गोचीड काढत पुटपुटत होती. तिला आमचं काही ऐकू आलंय असं वाटत नव्हतं. ती आपली जुनीच तक्रार करत होती की नऊ दिवस देवाच्या दारात बसले आणि त्या पोलिसानं सकाळ-संध्याकाळ नाव इचारून इचारून जीव खाल्ला. जणू मी पळून जानार व्हते.

पगारेबाईंचं पेन थांबलं. त्यांनी विचारलं, कोणता पोलीस?

त्या वर्षी नामांतराचा एक मोठा मोर्चा आमच्या रस्त्यानं जायचा होता, म्हणून देवळाच्या ओट्यावर पोलिसांचा बंदोबस्त बसवला होता. देवळात मुक्कामी कोण आहे त्याची रोज दोनदा नोंद घ्यायची, असा त्यांना हुकूम होता. हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं आणि कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. पगारेबाई चष्मा काढून हसायला लागल्या. त्या म्हणाल्या, "अहो, त्या मोर्च्यात मीच पुढं होते. आमच्या भीतीनं तुमच्या आईचं नाव लिहिलं गेलंय." मग त्यांनी तिथंच बसून चौकीला अर्ज लिहिला.

सुनावणीच्या दिवशी आम्ही सगळे गेलो. मंचाचे तीन सदस्य समोर, त्यात एक बाई. माय खुर्चीवर बसेना, भिंतीशी खाली बसली. बिरू राजाबाईच्या कडेवर. आधी मल्हारीला उभं केलं. समोरच्या वकिलानं सहीचा कागद त्याच्या नाकासमोर धरला आणि विचारलं, ही सही तुमची का? त्यानं हो म्हटलं. मग तुम्ही तेव्हा खोटं बोललात की आता बोलताय?

मल्हारीनं खाकरून घसा साफ केला. मी जीव मुठीत धरून बसले, आता पुस्तक उघडतंय म्हणून.

"तवा खोटं बोललो," तो म्हणाला. "लाज वाटली, साहेब. बाई म्हनल्या, तुमच्यात इटाळ पाळतेत का. म्या कंपनीत परमनंट. माय देवळात बसलीय आन तिनं नातू अजून बघितला नाय, ही सांगायची लाज वाटली मला. म्हून तिच्या हाताची बढाई मारली. हात तिचा चांगलाच हाय. पर तवा त्यो पोराला लागलाच नव्हता."

सदस्यबाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडं बघितलं आणि काहीतरी लिहिलं. माझा भाऊ आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत खरं बोलला आणि मला त्याचा इतका अभिमान वाटला की मी शेजारच्या अनोळखी बाईचा हात दाबला.

मग देवळाच्या बंदोबस्ताचे हवालदार अप्पाराव आले. लाल फडक्यात बांधलेलं रजिस्टर काखेत, मिशा पिळलेल्या. आत आल्याबरोबर त्यांची नजर मायवर गेली आणि ते दारातच थबकून आपल्या पायांकडं बघायला लागले. पुढं कारण कळलं. त्यांनी रजिस्टर उघडून वाचलं, माळेमागून माळ. सकाळी मुक्कामी सहा इसम, पैकी बानाबाई केरबा हजर. संध्याकाळी हजर. पाचव्या माळेच्या शेऱ्यात लिहिलं होतं, 'सदर बानाबाई हिने ड्युटीवरील हवालदारास ओट्यावरून बूट काढावयास लावले.' सहाव्या माळेला पुन्हा तेच. अध्यक्ष हसू दाबत म्हणाले, पुढं. सातव्यालाही तेच.

समोरच्या वकिलानं शेवटचा प्रयत्न केला. सकाळ-संध्याकाळच्या मधे ती घरी जाऊन आली नसेल कशावरून?

"साहेब," अप्पाराव म्हणाले, "पायरीवर बूट पडला की ही बाई आतून ओरडायची. दिवसाच्या कोणत्याही वेळी. नऊ दिवसांत मला एकदा सवलत मिळाली नाही. ती गेली असती तर सगळ्यात आधी माझ्या पायांना कळलं असतं."

त्यावर सगळे हसले, डॉक्टरीणबाईसुद्धा जरा हसल्या असं मला वाटतं. घाटीच्या डॉक्टरनंही येऊन सांगितलं की अशी इजा मालिशनं होत नाही, जन्मताना मान एका बाजूला ओढली गेल्यानं होते. बाहेर पडल्यावर आप्पांनी मायला विचारलं, आता तरी घेशील ना पोराला. ती म्हणाली, कागूद कुठं आलाय अजून?

कागद आला चौऱ्याण्णव सालच्या संक्रांतीला. अंगणात बिरूचं बोरन्हाण चाललं होतं, बोरं, चुरमुरे, गाठ्या, आणि वस्तीतली झाडून सगळी पोरं. बिरू सव्वा वर्षाचा, नुकताच चालायला लागलेला. डावा हात छातीपर्यंत यायचा, धरायचा, ओढायचा, पण खांद्याच्या वर जायला मागेना. इतक्यात पगारेबाई रिक्षातून उतरल्या. कपाळाला, केसांना निळा गुलाल. आवाज पूर्ण बसलेला. आम्हाला वाटलं काही झालं की काय. त्यांनी बसल्या आवाजात सांगितलं की झालं, विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव दिलं, आणि ओट्यावर बसून ओंजळीत तोंड घालून रडायला लागल्या. राजाबाईनं त्यांना पाणी दिलं, मी तिळाचा लाडू दिला. त्या रडत-हसत म्हणाल्या, थांबा, तुमचं पण आहे, कालच मिळालं. आणि पिशवीतून मंचाचा निकाल काढला.

नर्सिंग होमला भरपाई द्यायला लावली होती. ती पोराच्या नावानं बँकेत गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. मायनं त्या ओळी ऐकल्याही नाहीत. तिनं विचारलं, माज्या हाताचं काय?

पगारेबाईंनी पान उलटलं आणि वाचलं. 'बाळाची आजी बानाबाई ही त्या काळात देवळात मुक्कामी होती हे पोलीस नोंदीवरून सिद्ध होते. तिच्या हातून बाळाला इजा झाली हे म्हणणे खोटे असून ते फेटाळण्यात येत आहे.'

"परत वाच," माय म्हणाली. पगारेबाईंनी परत वाचलं. मायनं तिसऱ्यांदा वाचायला लावलं, आणि ह्या वेळी ती प्रत्येक शब्दाला मान हलवत होती. मग ती रांजणापाशी गेली, कोपरापर्यंत हात धुतले, पुसले, आणि ओसरीवर आपल्या नेहमीच्या जागेवर बसली. ती मांडी घालून बसल्याबरोबर त्या वर्षीचं कोकरू सवयीनं आलं आणि तिच्या मांडीवर आडवं पडलं.

बिरूनं ते बघितलं. त्यानं रोजच बघितलं होतं, आजीची मांडी कोकराची असते एवढंच त्याला ठाऊक होतं. पण आज आजी कोकराकडं बघतच नव्हती, त्याच्याकडं हात पसरून बसली होती. तो डुलत डुलत गेला, कोकराला ढकलून खाली पाडलं आणि त्या जागी बसला. माय त्याच्या टाळूवर तोंड ठेवून हमसून हमसून रडली. मी माझ्या आईला असं मोकळं रडताना पहिल्यांदा बघत होते आणि मला इतका आनंद झाला होता की कुठं बघावं कळेना. मल्हारी भिंतीकडं तोंड करून नाक शिंकरत होता.

जरा वेळानं मायनं पदरानं डोळे पुसले आणि पगारेबाईंना विचारलं की त्या विद्यापीठाचं नाव ठेवायला किती वर्षं लागली. सोळा, त्या म्हणाल्या. आणि ठेवलं कुणी? पगारेबाई म्हणाल्या, आम्हीच, सगळ्यांनी मिळून ठेवायला लावलं.

"मंग तू आत्या," माय म्हणाली. "वाक."

पगारेबाईंना कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर त्या चष्मा काढून, पदर खोचून ओसरीसमोर वाकल्या, आणि वस्तीतल्या बायांनी त्यांच्या पाठीत असे बुक्के घातले की त्या हसून हसून खालीच बसल्या. सोळा वर्षांचे बुक्के, एकदम. मीही दोन घातले. मग मला आठवण झाली आणि मी मायपुढं जाऊन पाठ करून वाकले. म्हटलं, माझा एक उधार आहे.

बिरूला खेळ कळला होता. त्यानं लगेच उजवी मूठ उगारली. मायनं ती हळूच आपल्या हातात धरून ठेवली.

"ह्यो नाय," ती त्याच्या कानाशी म्हणाली. "त्यो."

मी वाकूनच होते, मला काही दिसत नव्हतं. मायनं त्याच्या डाव्या कोपराखाली आपली दोन बोटं दिली असणार, कारण राजाबाई नंतर म्हणाली की बोटं नुसती लावली, मग काढून घेतली. मी डोळे मिटले. बराच वेळ गेला. आणि मग माझ्या पाठीत, खांद्याच्या अगदी जवळ, एक लहानसा, वाकडा, गुळानं चिकट झालेला बुक्का बसला.